पदावरील ‘चाल’

१

मराठी संगीत नाटकांचीं जुनीं छापील पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील, त्यांना पदांच्या माथ्यावर कंसांत छापलेली एक बारीक ओळ आठवत असेल. ‘चाल’ हा शब्द, त्यापुढें एक आडवी रेघ, आणि रेघेपुढें दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे आरंभींचे दोनतीन शब्द, असें तिचें रूप असे. कधीं त्या जोडीला राग व ताल यांचीं नांवें असत. कधीं नुसतें ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ एवढेंच लिहिलेलें असे. वाचणारा ही ओळ ओलांडून पदाकडे वळतो, आणि गाणाराला एकदां चाल बसली म्हणजे तिची गरज उरत नाहीं. अशा उपेक्षित ओळीवर लेख लिहावा ही कल्पना कित्येकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु आमच्या नाट्यसंगीताचा, आणि त्याच्या पोटीं जन्मलेल्या बोलपटसंगीताचा व नभोवाणीवरील संगीताचा, इतिहास या एका ओळीच्या आधारानें जितका नीट उलगडतो तितका नटांच्या आख्यायिकांनीं उलगडत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या ओळीच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. पहिला असा कीं, नाटकांतील गाण्याचा कर्ता कोण? शब्द ज्यानें रचले त्याचें नांव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतें. गाणें ज्यानें म्हटलें त्याचें नांव जाहिरातींत आणि लोकांच्या तोंडीं असतें. पण त्या शब्दांना ज्यानें स्वर दिले तो कोठें आहे? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नाटकांतील गाणें कोणाच्या सेवेला असावें, प्रसंगाच्या कीं गळ्याच्या? या दुसऱ्या प्रश्नाचीं जीं निरनिराळीं उत्तरें वेळोवेळीं दिलीं गेलीं, त्यांवरच पहिल्या प्रश्नाचें उत्तरहि अवलंबून राहिलें आहे.

२

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें, तेव्हां गाणें सूत्रधाराचें होतें. सूत्रधार व त्याचे साथीदार पदें म्हणत आणि त्यांच्या अनुरोधानें पात्रें अभिनय व तात्कालिक भाषण करीत. म्हणजे गाणें हें निवेदन होतें. पात्राच्या हृदयाशीं त्याचा संबंध दुसऱ्याच्या मुखानें येई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, आणि ही स्थिति पालटली. आतां शकुंतला स्वतः गाऊं लागली, दुष्यंत स्वतः गाऊं लागला. कालिदासानें जेथें श्लोक घातला होता तेथें अण्णासाहेबांनीं पद घातलें, आणि तें पद ज्याचें त्याच्या मुखीं दिलें.

अण्णासाहेबांनीं या पदांना चाली कोठून आणल्या? याचें उत्तर त्यांनीं लपवून ठेवलेलें नाहीं. तें प्रत्येक पदाच्या माथ्यावर छापलेलें आहे. कीर्तनांतील साकी, दिंडी, कामदा, लावणीचीं वळणें, घरांतील स्त्रियांच्या तोंडचीं गाणीं, आणि बेळगांव-धारवाडकडे जन्म व नोकरी यांमुळें कानांत बसलेल्या कानडी चाली, असा हा संचय होता. यांतील एकहि चाल श्रोत्यांना परकी नव्हती. आणि हेंच तिचें नाटकीय मर्म होतें. जी चाल श्रोत्यानें देवळांत किंवा माजघरांत ऐकलेली असे, तिच्याबरोबर त्या देवळाची वा माजघराची आठवणहि रंगभूमीवर येई. १८८२ सालीं आलेल्या ‘सौभद्रा’ंत द्वारकेचें राजकुल वावरतें खरें. पण तेथील रुसवेफुगवे, लग्नाची घालमेल आणि बहीणभावांचा कावा हें सारें आपल्याच वाड्यांत चाललें आहे असें प्रेक्षकाला वाटे. या आपलेपणाचें श्रेय संवादांना जितकें आहे तितकेंच त्या ओळखीच्या चालींना आहे.

दुसरें असें कीं, साकी-दिंडींत तानेला फारसा वाव नसतो. चार चरण म्हटले कीं काम झालें. त्यामुळें पद हें संवादाचाच एक भाग राही. बोलतां बोलतां पात्र गाण्यांत शिरे आणि गातां गातां पुन्हां बोलण्यांत येई. १८८२ सालीं बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांसारखा असामान्य आवाज किर्लोस्कर मंडळीस लाभला, तरी पदांच्या रचनेनें तो आवाज प्रसंगाच्या चौकटींत ठेवला. अण्णासाहेब स्वतः कवि, नाटककार, चालीचे योजक आणि रंगभूमीवर सूत्रधार. गाण्याचा कर्ता कोण हा प्रश्न त्यांच्या बाबतींत उद्भवतच नाहीं. आपण चाल उसनी घेतली आहे असें ते मोकळेपणानें सांगतात, कारण निवड हीच आपली रचना आहे हें ते जाणून होते. १८८५ सालीं, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षांच्या सुमारास, ते निवर्तले. पण तेवढ्या अवधींत गाणें हें पात्राचें बोलणें आहे हा सिद्धान्त त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविला.

३

त्यांच्यामागून वाट दुभंगली. शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीं गुरूचाच मार्ग पुढें नेला. त्यांचें ‘शारदा’ १८९९ सालीं आलें. जरठकुमारी-विवाहाचा विषय, बोलींतली भाषा आणि सोप्या चाली यांचा असा मेळ त्यांत बसला कीं, तीं पदें नाटकगृहांतून थेट घरांत गेलीं. मुलीच्या तोंडीं मुलीलाच शोभेल असें गाणें असावें हा देवलांचा कटाक्ष होता, आणि तो केवळ शब्दांपुरता नव्हता.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं मात्र १८९६ च्या ‘वीरतनया’पासून दुसरी वाट धरली. पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चालींचें त्यांना वेड होतें. त्या चालींवर त्यांनीं आपलीं अलंकारप्रचुर पदें बेतलीं. पदाच्या माथ्यावरील ओळींत आतां मराठी अभंगाऐवजीं उर्दू गीताचे शब्द दिसूं लागले. या चालींनीं रंगभूमीला नवी ठेच, नवी लय दिली हें खरें. पण श्रोत्याच्या स्मरणाशीं त्यांचें नातें नव्हतें. शिवाय चालीच्या मापांत शब्द कोंबण्याच्या खटाटोपांत पुष्कळ पदें दुर्बोध झालीं. मराठी पदांतील ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण, शब्दाचा भलत्याच ठिकाणीं होणारा विच्छेद, हे दोष याच काळांत रूढ झाले. चाल आधीं आणि शब्द मागून, ही पद्धति किर्लोस्करांचीच; पण त्यांनीं चाल निवडतांना प्रसंगाकडे पाहिलें, येथें चाल आवडली म्हणून प्रसंग तिच्यासाठीं शोधला जाऊं लागला. दोन्ही ठिकाणीं छापील ओळ एकच, पण तिचा अर्थ बदलला होता.

४

१२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें. पदें खाडिलकरांनींच रचलीं. पण त्यांच्या चाली दिल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनीं. टेंबे हे हार्मोनियमचे नाणावलेले वादक. पूर्वेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचें मर्म त्यांनीं आपलेंसें केलें होतें. त्यांतून त्यांनीं निवडून काढलेल्या चाली लाडिक होत्या, आणि बालगंधर्वांच्या गळ्याला तर त्या जणूं मापूनच दिल्या होत्या. नाटककार एक आणि चालीचा कर्ता दुसरा ही विभागणी येथें ठळक झाली. नाटक कोणाचें हा प्रश्न या दिवसापासून उघडपणें विचारतां येऊं लागला.

१९१३ सालीं बालगंधर्वांनीं सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’च्या पदांना भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या. भास्करबुवांचा पूर्ववृत्तान्त लक्षांत घेण्याजोगा आहे. लहानपणीं ते किर्लोस्कर मंडळींतच होते. ‘रामराज्यवियोगा’ंत त्यांनीं कैकेयीची भूमिका केली होती. पुढें आवाज फुटला, नाटक सुटलें, आणि ते विद्येसाठीं घराबाहेर पडले. फैजमहंमदखां, नथ्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन निरनिराळ्या परंपरांच्या उस्तादांपासून त्यांनीं विद्या मिळविली. ज्या रंगभूमीनें त्यांना आवाज गेल्यावर सोडलें तिच्याकडे ते असे पूर्ण गवई होऊन परत आले. ‘स्वयंवरा’च्या पदांमागें ख्यालाच्या अस्सल चिजा उभ्या आहेत. पदाच्या माथ्यावरील ओळींत आतां भीमपलास, यमन, बागेश्री अशीं भारदस्त नांवें आलीं, आणि रुक्मिणीच्या मनांतील भाव शब्दांपेक्षां रागाच्या स्वरूपांतूनच व्यक्त होऊं लागला.

येथें इतिहासकारानें दोन्ही बाजूंची नोंद केली पाहिजे. या गाण्यानें नाटक थांबलें, हा आक्षेप खरा आहे. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या उठत, पद तीनतीनदां होई, रुक्मिणीची चिंता रात्रीच्या दुसऱ्या प्रहरींहून तिसऱ्यांत जाई आणि कृष्ण बिचारा विंगेंत तिष्ठत बसे. ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकव्यांचा तबला अशी साथ असतां प्रेक्षकांना कथानकाची घाई कशी असावी? पण याच्या उलट हेंहि खरें कीं, ज्या मध्यम वर्गाला दरबारी मैफलींत प्रवेश नव्हता, आणि ज्या वर्गांतील स्त्रियांना तर मैफल म्हणजे काय हें ठाऊकच नव्हतें, त्या वर्गाला रागसंगीताची ओळख या नाटकांनीं करून दिली. एकादी गृहिणी सहज गुणगुणतां भीमपलास बिनचूक आळवी. आणि तो भीमपलास आहे हें तिला पुष्कळदां माहीतहि नसे. नाट्यदृष्ट्या जी हानि झाली ती समाजदृष्ट्या एक मोठा लाभ ठरली. दोन्ही जमाखर्च एकाच खात्यावर मांडल्याखेरीज बालगंधर्वयुगाचा हिशोब पुरा होत नाहीं.

याच खात्यांत आणखी एक नोंद आहे; ती सहसा कोणी करीत नाहीं. राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ सालीं, रंगभूमीवर आलें. त्याचीं पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं, आणि चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्या. सुंदराबाई या बैठकीच्या गायिका. लावणी, ठुमरी, गझल हें त्यांचें क्षेत्र. दारुड्या नवऱ्याच्या पायीं झिजणाऱ्या पतिव्रता सिंधूला तिचे स्वर एका पेशेवाईक गायिकेनें द्यावे, आणि ते स्त्रीवेषांतील एका पुरुषानें आळवून घरोघरच्या पतिव्रतांना रडवावें, ही घटना त्या काळच्या समाजरचनेवर जेवढा प्रकाश टाकते तेवढा दहा निबंधांनीं पडणार नाहीं. ज्या घरांच्या उंबऱ्याआंत गायिकेचें पाऊल पडणें अशक्य होतें, त्या घरांच्या देवघरापर्यंत तिच्या चाली जाऊन पोंचल्या. सुंदराबाईंच्या चालींत आणखी एक गुण आहे: त्या दुःखाला पसरूं देत नाहींत. तानबाजीला फारसें निमंत्रण न देतां शब्दाला शब्द म्हणूनच त्या हळुवारपणें उचलतात. किर्लोस्करांच्या मूळ सिद्धान्ताशीं, शास्त्रवेत्त्या बुवांपेक्षां, या बाईंचें नातें आम्हांला अधिक जवळचें वाटतें.

५

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ लागला आणि चित्रें बोलूं लागलीं. बोलूं लागलीं म्हणण्यापेक्षां गाऊं लागलीं म्हणणें अधिक बरोबर. पुढील वर्षीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्याचें संगीत गोविंदराव टेंब्यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच. ‘मानापमाना’नंतर एकवीस वर्षांनीं तोच माणूस नव्या कलेच्या उंबरठ्यावर उभा राहिला, हा योगायोग नव्हे. बोलपटाला संगीत हवें होतें आणि महाराष्ट्रांत संगीत रंगभूमीवर होतें. तेव्हां तें तेथूनच येणार होतें.

पण नव्या घराचे नियम वेगळे होते. त्या आरंभकाळीं गाणें आणि चित्र एकाच वेळीं घेतलें जाई. वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसवावें लागे आणि नटाला मायक्रोफोनच्या टप्प्यांत राहून गावें लागे. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. ‘वन्स मोअर’ घालण्याची सोय नव्हती. पडद्यावरचा नट टाळ्यांना बधत नाहीं. सर्वांत मोठा फरक असा कीं, नाटकांत प्रेक्षक गाणाराकडे दुरून पाहतो, बोलपटांत कॅमेरा त्याच्या तोंडापाशीं जातो. तान घेतांना वांकडें होणारें तोंड रंगभूमीवर खपून गेलें. पडद्यावर तें दहापट मोठें झालें. १९३५ सालीं प्रभातनें खुद्द बालगंधर्वांना ‘धर्मात्मा’ंत एकनाथांच्या भूमिकेंत आणलें, संगीत मास्टर कृष्णरावांचें होतें, आणि तरीहि तो योग फळला नाहीं. ज्या मोकळ्या वेळेवर तो गळा वाढला होता ती वेळच या कलेजवळ नव्हती. प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी त्या एका चित्रावर संपली.

ही अडचण ज्यांनीं सिद्धान्त म्हणून ओळखली ते केशवराव भोळे. ‘एकलव्य’ या नांवानें गायकांवर लिहिणारा हा मार्मिक टीकाकार स्वतः रचनाकारहि होता. १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीचें तें श्री. वि. वर्तकांनीं केलेलें रूपांतर. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या, पदें अगदीं मोजकीं ठेवलीं, आणि त्यांचें संगीत भोळ्यांनीं दिलें. पन्नास वर्षें शेंकड्यानें पदें ऐकणाऱ्या रंगभूमीला दोनचार गीतांचें नाटक पाहावें लागलें, आणि तीं गीतें जेथें होतीं तेथें तीं नसतीं तर चाललें नसतें, असा अनुभव तिला पुन्हां एकदां आला.

हीच दृष्टि घेऊन भोळे प्रभातमध्यें आले. १९३४ चा ‘अमृतमंथन’, १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९३७ चा ‘कुंकू’, १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ हे त्यांचे मुख्य बोलपट. त्यांपैकीं दोहोंबद्दल थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे.

‘संत तुकारामा’चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, आणि तुकारामांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. यांतील संघर्ष पाहिला तर तो मुळांत संगीताचाच संघर्ष आहे. सालोमालो तुकारामांचे अभंग चोरतो आणि आपले म्हणून गातो. शब्द तेच, मग प्रेक्षकानें चोर कसा ओळखावा? भोळ्यांनीं तो स्वरांतून ओळखविला. पागनिसांच्या मुखीं सरळ, निरलंकार वारकरी वळण ठेवलें आणि सालोमालोच्या मुखीं नखरेल, दिखाऊ रंग भरला. भक्ति आणि भक्तीचें सोंग यांतील अंतर केवळ चालीनें दाखविण्याचा असा प्रयोग आमच्याकडे त्यापूर्वीं झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. याच चित्रांत बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त घेऊन शांताराम आठवल्यांनीं रचलेला एक अभंग आहे. तो अस्सल तुकारामांचाच आहे असें भल्याभल्यांस वाटलें. शब्द तर तोलाचे होतेच. पण चालीनेंहि त्यांना गाथेच्या घरचें करून सोडलें होतें. हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. व्हेनिसच्या परीक्षकांना मराठीचा गंधहि नसावा. त्यांच्यापर्यंत जें पोंचलें त्यांत स्वरांचा वाटा मोठा असला पाहिजे.

‘कुंकवा’ची गोष्ट निराळी. नारायण हरि आपट्यांच्या कादंबरीवरील हें चित्र शांतारामांनीं दिग्दर्शित केलें. म्हाताऱ्या वकिलाशीं फसवून लग्न लावलेली तरुणी त्याला नवरा म्हणून मानण्याचें नाकारते, हा त्याचा विषय. या बोलपटांत बाहेरून चिकटविलेलें पार्श्वसंगीत नाहीं. जो ध्वनि कानीं पडतो त्याचें मूळ त्या जगांतच असतें: भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, रस्त्यानें जाणाऱ्या भिकारी पोराचें गाणें. संगीतकारानें आपलें वाद्य खालीं ठेवावें आणि घड्याळाला बोलूं द्यावें, याला संगीताची उत्तम जाण लागते. त्या घरांत वेळ कसा जाचतो हें शंभर व्हायोलिनांनीं सांगून झालें नसतें तें त्या टिकटिकीनें झालें. शांता आपट्यांच्या तोंडीं लाँगफेलोची एक इंग्रजी कविताहि त्यांत आहे. आणि ती नायिकेच्या बंडखोर शिक्षणाची साक्ष म्हणून येते, फॅशन म्हणून नव्हे.

भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे प्रभातचे दुसरे संगीतकार. गुरूच्या निधनानंतर गंधर्व मंडळीच्या नाटकांना चाली देण्याचें काम त्यांनीं केलें. १९३१ चें ‘कान्होपात्रा’ त्यांचेंच. भोळे जेथें काटकसर करतात तेथें कृष्णराव उधळण करतात. तरी नाटकीय प्रसंगाची जाण त्यांना कमी नव्हती. १९३९ च्या ‘माणूस’मधील अनेक भाषांतून फिरणारें गीत पाहावें. अनंत काणेकरांच्या या गीतांत कोठीवरची मैना एकामागून एक प्रांतांच्या बोलींत गाते. चाल प्रत्येक वळणावर त्या त्या प्रांताचा पोशाख चढविते. ऐकणारा हंसतो, पण ज्या स्त्रीला प्रत्येक गिऱ्हाइकाशीं त्याच्याच भाषेंत बोलावें लागतें तिची कथाहि त्यांतच सांगितली गेली आहे. आणि याच चित्रांत नायकाच्या सोशिक आईची भूमिका केली आहे ती सुंदराबाईंनीं. वीस वर्षांपूर्वीं सिंधूला जिनें स्वर दिले तिला पडद्यावर चेहरा मिळाला तो आईचा. काळानें घेतलेला हा सूड होता कीं केलेली भरपाई, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

६

नभोवाणीनें संगीतकारापुढें तिसराच प्रश्न टाकला. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. श्रुतिकेंत पडदा नाहीं, दिवे नाहींत, रंगलेला चेहरा नाहीं. रात्र झाली, गांव बदललें, दहा वर्षें गेलीं, हें सगळें कानानें कळावयाचें. म्हणून तेथें संगीत हाच पडदा आणि संगीत हाच देखावा. चार क्षणांची सारंगी वियोग सांगून जाते, एक टाळ पंढरपूर उभें करतो. येथें लांबण लावणाऱ्याला जागा नाहीं आणि निव्वळ सजावट करणाऱ्यालाहि नाहीं.

या माध्यमानें एक विचित्र निर्बंधहि घातला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियम बंद केली. तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, मींड तिला साधत नाहीं, हे आक्षेप होते. आणि शास्त्रदृष्ट्या ते सर्वस्वीं निराधार नव्हते. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांनीं ‘मानापमान’ रचलें, ज्याच्या आधारानें खेडोपाडींच्या नाटक मंडळ्यांनीं आपलीं पदें बसविलीं, त्याला नभोवाणीच्या दारांत तीस वर्षें मज्जाव होता. परिणामीं मराठी रचनाकारांना सारंगी, व्हायोलिन, बांसरी यांकडे अधिक वळावें लागलें, आणि सुगम गीताला जो एक मृदु, तरल नाद आला त्याला ही सक्ति कांहीं अंशीं कारण झाली असावी. वाईट हुकुमांतूनहि कधीं कधीं चांगली कला निघते. म्हणून हुकूम चांगला ठरत नाहीं, एवढेंच.

नभोवाणीवरील मराठी संगीतरचनेचा कळस म्हणजे ‘गीतरामायण’. पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. तेथील सीताकांत लाड यांच्या पुरस्कारानें, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढील रामनवमीपर्यंत, ग. दि. माडगूळकरांचीं छप्पन्न गीतें सुधीर फडक्यांच्या संगीतानें आठवड्यास एक याप्रमाणें ध्वनिक्षेपित झालीं. योजना बावन्नांची होती. त्या वर्षीं अधिक मास आला म्हणून चार वाढलीं. दोघेहि कर्ते चित्रपटसृष्टींत तयार झालेले, म्हणजे थोडक्या वेळांत प्रसंग उभा करण्याचें शिक्षण घेतलेले. हें रामायण नाटक नव्हे, तरी त्यांतील प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखींचें आहे: कौसल्येचें, भरताचें, शूर्पणखेचें, खुद्द रामाचें. फडक्यांनीं राग निवडला तो त्या पात्राच्या त्या घटकेच्या मनःस्थितीसाठीं. शब्दाचा एकहि अवयव त्यांनीं चालीखालीं चिरडूं दिला नाहीं. गाणें हें पात्राचें बोलणें आहे, हा १८८० सालचा सिद्धान्त पंचाहत्तर वर्षांनीं अशा रीतीनें पूर्ण वर्तुळ फिरून परत आला. फरक एवढाच कीं, अण्णासाहेबांना चाल माजघरांतून उसनी आणावी लागली होती. फडक्यांच्या चाली येथून माजघरांत गेल्या.

७

आतां आरंभींच्या ओळीकडे वळूं. बोलपट आले आणि पदावरील ‘चाल’ नाहींशी झाली. तिच्या जागीं पडद्यावर ‘संगीत’ हा शब्द आणि त्यापुढें एक नांव आलें. ज्याला पन्नास वर्षें कोणी विचारलें नव्हतें तो चालीचा कर्ता नांवारूपाला आला, ही न्यायाचीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक कबुलीहि गेली. जुनी ओळ सांगत असे कीं हें गाणें अमक्या अभंगाचें, तमक्या चिजेचें, कोण्या कानडी पदाचें ऋणी आहे. नव्या शब्दानें मालकी जाहीर केली आणि ऋणाचा उल्लेख गाळला. उसनवारी थांबली असें मात्र झालें नाहीं. बोलपटांच्या संगीतावर चोरीचा आरोप वारंवार होत आला आहे. किर्लोस्करांवर तो करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं, याचें कारण त्यांनीं पानोपानीं आपली पावती फाडून ठेवली होती.

प्रसंग कीं गळा, या प्रश्नाचें आमचें उत्तर एव्हांना वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. नाट्यरचनेंतील संगीत प्रसंगाचें सेवक असावें. मात्र सेवक म्हणजे मुका नोकर नव्हे. सालोमालोचें सोंग उघडें पाडणारा, घड्याळाला बोलकें करणारा तो सेवक आहे. आणि बालगंधर्वांच्या रात्रींनीं या नियमाचा भंग करून जें दिलें, तेंहि आम्हांला परत करावेसें वाटत नाहीं. नियम आणि अपवाद हे दोन्ही आपल्या वांट्याला आले, ही मराठी श्रोत्यांची पुण्याई.

राहतां राहिली एक लहानशी विनंति. जुन्या संगीत नाटकांचें पुनर्मुद्रण करणाऱ्यांना पदांवरील त्या बारीक ओळी निरुपयोगी वाटण्याचा संभव आहे. ज्या गाण्यांचे आरंभ त्यांत दिलेले असतात त्यांपैकीं पुष्कळ गाणीं आतां कोणास येत नाहींत. पण नेमकें म्हणूनच त्या ओळी राखल्या पाहिजेत. कित्येक जात्यावरच्या, देवळांतल्या आणि बैठकींतल्या गाण्यांचा पृथ्वीवर उरलेला तेवढाच एक पत्ता आहे. तें घर आतां उभें नसेल. पण पत्ता खोडून टाकला, तर तें कधीं होतें हेंहि पुढच्या पिढीला कळणार नाहीं.